व्हर्ना टर्बो घ्यावी की साधीच बरी?

ह्युंदाई व्हर्नाचं 2023 मध्ये आलेलं मॉडेल, त्यातली 1.5 टर्बो (जास्त ताकदीसाठी इंजिनात दाबाने हवा भरणारी) चालवून बघितली आणि खरं सांगतो गाडी जबरदस्त आहे. साध्या 1.5 पेट्रोलला 115 पीएस ताकद आणि 144 एनएम टॉर्क (म्हणजे ओढ), टर्बोला 160 पीएस आणि 253 एनएम, पण कागदावरच्या आकड्यांपेक्षा फरक कळतो तो घाटात, कारण टर्बोचा पूर्ण टॉर्क 1500 आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, साध्या इंजिनाला त्यासाठी 4500 पर्यंत ताणावं लागतं. म्हणजे खंबाटकीत पुढे ट्रक रखडलाय, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, तरी तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की गाडी सरळ पुढे निघते, गियर पाडायची गरजच नाही. पावसाळ्यात मात्र जपून, ताकद सगळी पुढच्या चाकांवर जाते, ओल्या रस्त्यावर पहिल्या गियरात जोरात दाबलं की चाकं लगेच जागच्या जागी फिरतात.

टर्बो दिसायला काळे अलॉय, लाल ब्रेक कॅलिपर, आत काळा-लाल इंटीरियर, आईवडिलांना कदाचित साध्या व्हर्नाचा फिकट रंगच आवडेल. मागची जागा आणि 528 लिटरची डिकी दोन्हीत सारखीच, उंच माणसाचं डोकं मागे छताला लागेल एवढं बघून घ्या.

रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच अडकणार असाल तर साधी आयव्हीटी (ऑटोमॅटिक) घ्या, जास्तीचे पैसे आणि पेट्रोल कशाला? पण महिन्याला कोल्हापूर-सातारा फेऱ्या होत असतील तर टर्बोच घ्या, आणि जमलं तर मॅन्युअल.