दोन टीबीचा पेनड्राइव्ह, आतले एकोणतीस जीबी

कराडला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या पावत्या, निवडणूक आली की हँडबिलं. दुकानातला मुख्य कॉम्प्युटर अजून विंडोज सेव्हनवर चालतो, कारण पानं मांडायचं पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट त्याच्यावरच सुखाने नांदतात. इन्स्टॉलेशनच्या सीड्या कधीच चरे पडून बाद झाल्या. म्हणजे हार्डडिस्क गेली तर नुसत्या फाइली परत आणून भागत नाही, सगळी बसवलेली घडी जाते.

फेब्रुवारीत ती हार्डडिस्क टकटक करायला लागली. भाचा कॉम्प्युटर शिकलाय. म्हणाला, "मामा, कॉपी-पेस्ट नका करू. पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून ठेवा. क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरनं बूट होतं."

फुकट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा. फुकट कोण काय देतं? म्हणून मी त्या सॉफ्टवेअरची अगदी झडती घेतली. अधिकृत साइटवरूनच फाइल उतरवली, साइटवर दिलेला शा-२५६ चा आकडा (फाइल अस्सल आहे का ते ओळखायचा ठसा) आणि माझ्या फाइलचा आकडा समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवलं. फाइल पाचेकशे एमबीची, घरातला ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह भरपूर झाला. रुफस या सॉफ्टवेअरने तो बूटेबल, म्हणजे त्यावरनं कॉम्प्युटर सुरू होईल असा, केला. मशीन जुनं, बायोसवालं (कॉम्प्युटर सुरू करायची जुनी पद्धत), त्यामुळे रुफसमध्ये जीपीटी ही नवी मांडणी नाही, एमबीआर ही जुनी निवडायची, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.

इमेज ठेवायला मात्र मोठी जागा हवी होती. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: २ टीबी पेनड्राइव्ह, धातूची बॉडी, आत निळी पट्टी (वेगवान यूएसबी ३ ची खूण), ६९९ रुपये, दोन घेतले तर ९९९. चार हजारांवर लोकांनी पाच तारे दिलेले. मी दोन मागवले. एक मला, एक चिंचवडच्या दादाला. फुकटाची झडती घेणारा माणूस पैसे मोजलेल्या वस्तूची साधी चौकशी करत नाही, हे माझ्याच बाबतीत घडलं. दुकानदार माणूस मी. एवढ्या पैशात २ टीबीची साधी हार्डडिस्कसुद्धा कोणी देत नाही, हे मला कळायला हवं होतं.

पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटरने १.९ टीबी दाखवले. झालं, विश्वास बसला.

रात्री दुकान बंद करून क्लोनझिला लावलं. ५०० जीबीच्या डिस्कवर १९० च्या आसपास भरलेली. क्लोनझिला फक्त भरलेला भाग उचलतं आणि दाबून बसवतं, त्यामुळे इमेज ११० जीबीच्या घरात गेली. चार-चार जीबीचे अठ्ठावीस तुकडे. निळी पट्टी असूनही वेग सेकंदाला जेमतेम १० एमबी, म्हणजे तीन तास. शंका यायला हवी होती ती इथेच. आणि क्लोनझिला सुरुवातीलाच, काम झाल्यावर इमेज तपासून बघू का असं विचारतं, तिथे मी 'नको' म्हटलं होतं. अजून तास-दोन तास कोण जागणार? फोल्डर उघडून बघितला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस तुकडे नावानिशी हजर, साइजही बरोबर. पेनड्राइव्ह कपाटात, किल्ली खिशात.

तुळशीची लग्नं उरकली, पत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि नेमकी तेव्हा डिस्क बसली. विंडोज चालू होईना. मी घाबरलो नाही, उलट गिऱ्हाइकाला चहा पाजला. "दोन तासांत दुकान सुरू, दादा." ५१२ जीबीची नवी एसएसडी आणली, क्लोनझिलाने बूट केलं, रिस्टोअर लावलं. पहिलं १०० एमबीचं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कप्पा, झटक्यात आलं. दुसरं पंचवीस टक्क्यांपर्यंत गेलं आणि एररच्या ओळी सुरू झाल्या. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

संध्याकाळी भाचा आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, घेतल्यावर एकदा पूर्ण भरून बघितलंत का हे?"

लिनक्सवर एफ३ नावाचं साधन आहे, असल्याच बनावट मेमरीला उघडं पाडण्यासाठी केलेलं. त्यातलं एफ३प्रोब त्याने चालवलं. पेनड्राइव्हवरचा डेटा जाऊ शकतो म्हणून आधी मला विचारून घेतलं. जाण्यासारखं राहिलं होतं काय म्हणा. काही मिनिटांत उत्तर आलं: सांगितलेला आकार १.९ टीबी, वापरण्याजोगे २९ जीबी. नंतर पकडीने बॉडी उचकटली तर आत गोंदाने चिकटवलेलं साधं मेमरी कार्ड.

यातली लबाडी नीट समजून घ्या, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. आतल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर विचारतो, जागा किती? ती म्हणते २ टीबी. तुम्ही लिहीत जाता, ती प्रत्येक वेळी 'मिळालं' म्हणते, आणि खरी जागा संपली की पुढचं सगळं टाकून देते. काही चिपा जुन्यावरच नवं लिहितात. पण फाइलींची यादी, म्हणजे नावं आणि साइज, सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसते. म्हणून फोल्डर उघडला की सगळं जागेवर दिसतं. माझे पहिले सात तुकडे शाबूत होते. उरलेले एकवीस म्हणजे नुसत्या पाट्या, मागे घरंच नाहीत.

पाच तारे देणाऱ्यांचं कोडंही मग सुटलं. सगळे अभिप्राय पार्सल आलं त्या दिवशीचे. 'डिलिव्हरी फास्ट', 'लुक मस्त'. २९ जीबी भरेपर्यंत कोणाचंच काही बिघडत नाही. आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह तर माणूस उघडतोच मुळी दुसरं सगळं गेल्यावर. तोवर परत करायची सात दिवसांची मुदत कुठल्या कुठे गेलेली असते.

डेटा वाचला तो भाच्यामुळे. जुनी डिस्क बायोसला अजून दिसत होती. टकटक वाढलेली असती तर हात लावला नसता, सरळ लॅबला पाठवली असती, असं तो म्हणाला. क्लोनझिलाच्याच पेनड्राइव्हवरनं त्याने डीडीरेस्क्यू चालवलं. हे आधी डिस्कचा धडका भाग भराभर उचलतं, आजारी जागा बाजूला ठेवतं आणि मग त्यांच्याकडे परत वळतं. कुठे काय राहिलं याचा नकाशा एका फाइलमध्ये लिहीत जातं, त्यामुळे मध्ये लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. दोन रात्री आणि एक दिवस गेला. पेजमेकर उठलं, फॉन्ट आले. डिझाइनच्या कोरल सॉफ्टवेअरमधल्या काही फाइली मात्र कायमच्या गेल्या, त्यात दोन पत्रिका छपाईला जायच्या बेतात होत्या. चार दिवस दुकान बंद. चहा प्यायलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

जिथून पेनड्राइव्ह मागवला त्या साइटवर शोधलं तर ती वस्तूही नाही आणि विकणाराही नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. पोच आली, निकालही आला: 'रिटर्नची मुदत संपली आहे.' मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि एफ३प्रोबचा निकाल फाइलला लावून ठेवलाय. जाणार आहे. ९९९ रुपयांसाठी नाही, चार दिवसांसाठी.

तुम्ही घेतलेला असला तर आजच तपासा, परत करायची मुदत असेपर्यंत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आहे, जर्मनीच्या एका कॉम्प्युटर मासिकाने काढलेलं: पूर्ण जागा भरतं आणि परत वाचून बघतं. माझ्यासारख्या संथ पेनड्राइव्हला २ टीबी भरायला दोन दिवसांच्या वर लागतील, तरी लावा. घाई असेल तर व्हॅलीड्राइव्ह ५७६ ठिकाणी टोचून बघतं. आणि क्लोनझिला इमेज तपासू का विचारेल तेव्हा झोप आली असली तरी 'हो' म्हणा.

हे सगळं उरकल्यावर दुसरा पेनड्राइव्ह आठवला. चिंचवडला फोन लावला, वहिनींनी उचलला. पुतणीच्या लग्नाचे फोटो-व्हिडिओ त्यांनी त्यावरच टाकले होते आणि फोटोग्राफरची हार्डडिस्क परत करून टाकली होती.

"अहो भावजी, सगळं आहे की. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, सगळे फोल्डर दिसतायत."

मी म्हटलं, "वहिनी, सप्तपदीतला एखादा फोटो उघडून बघा बरं."

पलीकडून बराच वेळ नुसता माऊसचा आवाज येत राहिला.