डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ पुन्हा ऐकताना: रिफच्या आड राहिलेला ऑर्गन

गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारी छोटी सुरावट, वाजवतो, आणि बहुतेकांच्या लेखी ‘मशीन हेड’ तिथेच संपतो. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या, मार्च १९७२मध्ये आलेल्या या अल्बममध्ये फक्त सात गाणी आहेत, एकूण वेळ साडेसदतीस मिनिटांच्या आसपास. रिची ब्लॅकमोरच्या गिटारसाठी तो गाजला, पण नीट ऐकलं तर निम्मा अल्बम जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनवर, म्हणजे पट्ट्यांच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर, उभा आहे. पुन्हा ऐकायचा तर या कानाने ऐकावा.

लॉर्डने हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवला. त्यामुळे त्याच्या सुरांना गिटारसारखीच खरखर आणि धार आली. अनेक ठिकाणी जी ‘जाड गिटार’ वाटते, ती प्रत्यक्षात गिटार आणि ऑर्गन यांची जोडी असते. ‘हायवे स्टार’मध्ये गिटारच्या प्रसिद्ध सोलोआधी (एकाच वाद्याला पुढे आणणाऱ्या तुकड्याआधी) ऑर्गनचा सोलो येतो. तो उडवून पुढे जाणाऱ्यांना गिटारचा सोलो अर्धाच कळतो, कारण दोन्हींचा सांगाडा बाखच्या काळातल्या युरोपीय अभिजात संगीताचा आहे. ब्लॅकमोरच्या वाट्याला डी मायनर, जी मायनर, सी, ए असे कॉर्ड येतात आणि त्यांच्यावरून वेगात घसरत जाणारे सूर. हा सोलो त्याने आधी बांधून घेतला होता आणि त्यावर दुसरी गिटार चढवली होती. जागेवर सुचलेला तो नाही, आणि म्हणूनच इतका घट्ट आहे.

अल्बमचा आवाज असा का आहे, हे समजायला डिसेंबर १९७१मधलं स्वित्झर्लंडचं माँत्रो गाव डोळ्यांसमोर आणावं लागतं. बँड तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करणार होता. ४ डिसेंबरला फ्रँक झॅपा या अमेरिकी संगीतकाराच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळून गेला. मग पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात काम सुरू झालं. तिथे ‘स्मोक’चा वाद्यांचा ट्रॅक कसाबसा पुरा झाला, कारण आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दाराशी आले होते. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. तिथल्या कॉरिडॉरमध्ये वाद्यं मांडली, आवाज घुमू नये म्हणून गाद्या लावल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या रोलिंग स्टोन्स मोबाइल या फिरत्या स्टुडिओपर्यंत केबल ओढल्या. ध्वनिमुद्रण मार्टिन बर्चचं. ट्रकपर्यंत जायचं म्हणजे खोल्या, बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून रेकॉर्ड झालेलं ऐकायला जाणंच बँडने जवळपास सोडून दिलं. वाजवायचं, पटलं की पुढे. इयन पेसचे ड्रम इतके कोरडे आणि जवळ ऐकू येतात, प्रतिध्वनीचा पडदा कुठे नाही, याचं मूळ त्या गाद्यांत आहे.

आता त्या रिफबद्दल, कारण ती बहुतेक जण चुकीची वाजवतात. जी हा सूर सा धरला तर ती अशी आहे: सा ग म, सा ग तीव्र म म, सा ग म ग सा. यातला ग कोमल. पण प्रत्येक सुराबरोबर त्याच्या चार स्वर खालचा सूरही वाजतो, म्हणजे सा बरोबर मंद्र प, कोमल ग बरोबर कोमल नी, म बरोबर सा. गिटारवर डी आणि जी या दोन तारा मोकळ्या, मग तिसरा फ्रेट, मग पाचवा. तीव्र म साठी सहावा. ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम उचलतो. पिक (तार छेडायची चकती) वापरली की एक तार किंचित आधी वाजते आणि सुरुवातीचा तो टणक ठोका हरवतो. दुसरी चूक म्हणजे सा तळाला ठेवून नेहमीचा पॉवर कॉर्ड, म्हणजे सा आणि त्याच्या वरचा प, वाजवणं. मूळ जोडीत वरचा सूर १९६ हर्ट्झचा आणि खालचा सुमारे १४७चा. अ‍ॅम्प्लिफायर आवाज फाडतो तेव्हा या दोहोंतल्या फरकाचा, ४९ हर्ट्झचा सूर आपोआप तयार होतो, आणि तो म्हणजे दोन सप्तकं खालचा तोच सा. रिफ हलकी असूनही भारी वाटते ती यामुळे. सुरुवातीला वाद्यं एकेक करून येतात: गिटार, मग हाय-हॅट (ड्रममधली पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम आणि सर्वांत शेवटी रॉजर ग्लोव्हरचा बेस. रिफ तीच राहते, पण प्रत्येक नव्या वाद्यासरशी तिचं वजन बदलतं.

‘मेबी आय’म अ लिओ’ची रिफ समेवर सुरू होत नाही, ठोका पडून गेल्यावर येते. पायाने ठेका धरून ऐकलं तर गंमत कळते. ‘पिक्चर्स ऑफ होम’मध्ये पेसची सुरुवात आणि ग्लोव्हरचा छोटा बेस सोलो आहे, सातांत सर्वांत कमी ऐकलं गेलेलं आणि सर्वांत जास्त ऐकावं असं हे गाणं. ‘नेव्हर बिफोर’ सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या छोट्या रेकॉर्डसाठी, निवडलं होतं, पण अल्बममध्ये तेच सगळ्यात फिकं आहे. ‘लेझी’ मात्र पूर्णपणे लॉर्डचं. तो एकटाच ऑर्गनवर सुरुवात करतो, बँड झुलत्या लयीत येतो आणि चार मिनिटं उलटून गेल्यावरच इयन गिलन गायला लागतो. माउथऑर्गनही त्याचाच. ‘स्पेस ट्रकिन’’ इथे साडेचार मिनिटांचं आहे. त्याच वर्षी जपानमध्ये रेकॉर्ड झालेल्या ‘मेड इन जपान’मध्ये तेच वीस मिनिटांच्या आसपास जातं. सातपैकी चार गाणी त्या लाइव्ह अल्बममध्ये आहेत, त्यामुळे दोन्ही पाठोपाठ ऐकावेत.

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते आणि एवढासा स्पीकर तो भाग वाजवूच शकत नाही. मग ग्लोव्हर गायब होतो आणि ऑर्गनचा तळही जातो. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरतात. ‘हायवे स्टार’ हळू आवाजात उभं राहत जातं, तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात आवाज वाढवण्याचा मोह टाळावा.

जुनी रेकॉर्ड घ्यायची तर तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचा मधला, लेबलजवळचा भाग तपासा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण आतल्या खाचेत सुईखालून सरकणारं अंतर बाहेरच्या निम्म्याहून कमी असतं, म्हणून झांजांचे उंच सूर तिथे आधी फाटतात. इथे ती जागा ‘नेव्हर बिफोर’ आणि ‘स्पेस ट्रकिन’’ची. शक्य असेल तर याच दोन गाण्यांचा शेवट वाजवून बघा. झांज ‘स्स’ऐवजी ‘ख्ख’ करत असेल तर खाच झिजलेली आहे, धुऊन काही होणार नाही. नुसती चरचर असेल तर ती धूळ, ती निघते.

सीडी किंवा डिजिटल आवृत्ती घेताना रिमास्टर आणि रिमिक्स यांत गल्लत करू नका. रिमास्टर म्हणजे तेच मिश्रण, नव्याने साफ केलेलं. रिमिक्समध्ये वाद्यांचा तोल पुन्हा ठरवलेला असतो. १९९७च्या २५ वर्षांच्या आवृत्तीत दोन सीडी आहेत: एकीवर मूळ अल्बम, दुसरीवर खुद्द ग्लोव्हरने केलेलं रिमिक्स. मूळ रेकॉर्डवर विरत जाणारी काही गाणी रिमिक्समध्ये पुढेही ऐकू येतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला हीच सुचवू, कारण त्यात ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ही आहे. याच सत्रांतलं हे संथ गाणं १९७२मध्ये अल्बमबाहेर राहिलं आणि ‘नेव्हर बिफोर’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. ‘नेव्हर बिफोर’च्या जागी ते असतं तर अल्बममध्ये एकही उणी जागा उरली नसती.

२०२४च्या मोठ्या संचात नवं रिमिक्स ड्वीझिल झॅपाचं आहे, म्हणजे ज्याच्या कार्यक्रमात कॅसिनो जळला त्या फ्रँक झॅपाच्या मुलाचं. त्यात एप्रिल १९७१चा माँत्रोमधला कार्यक्रमही आहे, पण मूळ मिश्रण पाठ झाल्याशिवाय या संचावर खर्च करण्यात अर्थ नाही.