सिगारसाठी कामगंध सापळा: घ्यावा, पण पाळत ठेवायला

कपाशीत बोंडअळीसाठी लावतात त्याच तत्त्वाचा, पण कपाटात मावेल एवढा सापळा सिगार साठवणाऱ्यांसाठीही मिळतो. घडीचं चिकट कार्ड आणि त्यात ल्यूर, म्हणजे गंधाचं आमिष. ल्यूरमध्ये सेरिकॉर्निन असतं, म्हणजे तंबाखूच्या भुंगेऱ्याची मादी नराला बोलवायला सोडते तो गंध.

या गंधाला फक्त नर येतात, आणि सापळ्याची मर्यादा तिथेच आहे. शंभरापर्यंत अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. सिगार पोखरते ती अळी, आणि ती तर पानाच्या आत असते. त्यामुळे कार्ड भरलं म्हणजे कीड आटोक्यात आली असं समजू नका. उलट एक भुंगेरा चिकटला तरी त्याच दिवशी एकेक सिगार तपासा: एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं, पेटीच्या तळाशी बारीक भुकटी. ही आगाऊ सूचना मिळते म्हणून आम्ही हा सापळा घ्यायला सांगू.

तो ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारची आर्द्रता राखणाऱ्या पेटीत, ठेवू नका. त्याच खोलीत, पण खिडकी आणि पंख्याच्या झोतापासून दूर ठेवा. दुसरा स्वयंपाकघरात हवाच, कारण हाच किडा हळद, मिरची, धणे यांतही वाढतो आणि पुष्कळदा तिथूनच उडत येतो. चिकटलेला किडा भिंगाखाली बघा. पंखांवर ओळीने रेघा आणि मिशांच्या टोकाला तीन मोठे मणके असतील तर तो औषधी भुंगेरा (ड्रगस्टोअर बीटल), वेगळी जात. तंबाखूच्या भुंगेऱ्याचे पंख गुळगुळीत आणि मिशा करवतीसारख्या दातेरी असतात. ल्यूर पाकिटावरच्या मुदतीत बदला; उकाड्यात तो लवकर उडतो.

खरा इलाज गोठवण्याचा. सिगार दुहेरी झिप पिशवीत, हवा काढून, आर्द्रतेची पाकिटं बाजूला ठेवून भरा. एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे 18 ते उणे 20 अंशांवर किमान 5 दिवस. गच्च भरलेली पेटी असेल तर 7, कारण मधल्या सिगारपर्यंत गारवा उशिरा पोचतो. पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. घाई केली तर पाणी सुटतं आणि वरचं पान तडकतं. फ्रीझरच्या आकड्यावर भरवसा न ठेवता आत थर्मामीटर ठेवा. काही घरगुती फ्रीझर उणे 12 च्या आसपासच असतात.

ह्युमिडॉरचं स्पॅनिश सीडर लाकूड कीड रोखत नाही, आर्द्रता 65 टक्क्यांवर आणूनही ती मरत नाही. साधारण 18 अंशांखाली मात्र तिची वाढ थांबते. मुंबई-गोव्याच्या हवेत एवढा गारवा कूलिंगच्या कॅबिनेटशिवाय मिळणार नाही. तो नसेल तर नवी पेटी आधी गोठवून मगच जुन्या सिगारांत मिसळा.