चॅलेंजरची पात्रता फेरी की आयटीएफची मुख्य फेरी? एकेरीच्या खेळाडूसमोरची निवड

टेनिसच्या जागतिक क्रमवारीत पाचशेच्या आसपास असलेल्या खेळाडूपुढे, पुण्यात बालेवाडीला चॅलेंजर (मुख्य व्यावसायिक दौऱ्याच्या खालच्या पायरीची स्पर्धा) असते त्या आठवड्यात, हा प्रश्न हमखास उभा राहतो: घराजवळच्या चॅलेंजर १०० स्पर्धेची पात्रता फेरी खेळावी, की दुसरीकडे चाललेल्या आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) एम२५ या आणखी खालच्या पायरीच्या स्पर्धेत थेट मुख्य फेरीत उतरावे? एका आठवड्यात दोन्ही होत नाही. बहुतेक पालक चॅलेंजरकडे झुकतात, कारण विजेत्याला चॅलेंजरमध्ये क्रमवारीचे १०० गुण आणि एम२५मध्ये २५ गुण, हा आकडा डोळ्यांत भरतो. मात्र पात्रता फेरीतून येणाऱ्याने विजेत्याचा रकाना न पाहता जिंकलेल्या सामन्यांचा हिशेब मांडायला हवा.

चॅलेंजरच्या पात्रता फेरीत दोन सामने जिंकल्यावर ३२ जणांच्या मुख्य फेरीत प्रवेश मिळतो आणि तिथला पहिला विजय ७ गुण देतो. म्हणजे एकूण तीन विजय. एम२५मध्ये तीन विजयांनी उपांत्य फेरी गाठली की ८ गुण मिळतात. चार विजयांना चॅलेंजरमध्ये १४, एम२५मध्ये १६. पाच विजयांना चॅलेंजरमध्ये उपांत्य फेरीचे २५, एम२५मध्ये विजेतेपदाचे २५. पात्रता पार करण्याचे थोडे वेगळे गुण धरले, तरी पाच विजयांपर्यंत फारसा फरक पडत नाही, प्रतिस्पर्धी मात्र चॅलेंजरमध्ये बरेच तगडे असतात. खरी दरी सहाव्या विजयानंतर पडते, आणि तिथवर पोहोचणारा खेळाडू पात्रता फेरीत फार काळ राहत नाही.

त्यामुळे केवळ गुणांसाठी खेळायचे असेल, तर माझे मत एम२५च्या बाजूने आहे. आयटीएफच्याच सर्वांत खालच्या एम१५ स्पर्धांचा विचार क्रमवारीत अजून नावच नसलेल्यांनी करावा. तिथल्या विजेतेपदाचे १५ गुण पाचशेव्या क्रमांकावर फारसे हलवत नाहीत.

चॅलेंजर निवडण्याची कारणे वेगळी आहेत. बक्षिसाची रक्कम कितीतरी मोठी असते (पुण्यात २०२४ साली ती एकूण १,३३,२५० डॉलर होती) आणि मुख्य फेरीतल्यांची राहण्याची सोय आयोजक करतात, तर आयटीएफमध्ये हॉटेलचे बिल बहुधा खेळाडूच्याच खिशातून जाते. समोर येणाऱ्यांचा दर्जाही ध्यानात घ्यावा. २०२४ साली बालेवाडीत एकेरी जिंकणारा मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशरो पुढच्याच वर्षी, क्रमवारीत २०४वा असताना, शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीतून निघून विजेता झाला. अशा खेळाडूची सर्व्हिस परतवताना आपण नेमके कुठे कमी पडतो, हे सरावात कळत नाही.

एम२५मध्येही पात्रता फेरीच खेळावी लागणार असेल, तर मात्र हिशेब उलटतो. तिथे एकेक सेटची बरोबरी झाली की तिसरा सेट नसतो, आधी दहा गुण घेणारा जिंकतो असा टायब्रेकर असतो, आणि दोन-तीन चुकांत प्रवासाचा सगळा खर्च पाण्यात जातो. चॅलेंजरच्या पात्रता फेरीत तिसरा सेट पूर्ण खेळतात. दमदार, उशिरा लय सापडणाऱ्या खेळाडूने अशा वेळी बालेवाडीच गाठावी. आणि आयोजकांकडून मुख्य फेरीचे वाइल्ड कार्ड (पात्रता फेरीविना थेट प्रवेश) मिळत असेल, तर एकाच विजयाला ७ गुण पडतात. मग एम२५चा अर्ज वेळेत मागे घ्यावा, कारण मुदत उलटल्यावर नाव काढल्यास दंड होऊ शकतो.