लष्करी पुंगळी की नवी? रीलोडिंग करणाऱ्यांनी काय घ्यावं

अमेरिकेत रायफल रेंजवर जाणारी आणि घरी काडतुसं भरणारी, म्हणजे रीलोडिंग करणारी, बरीच मराठी मंडळी आता आहेत. दारू, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) आणि गोळी दर वेळी नवी लागते. पितळी पुंगळी, म्हणजे हे सगळं धरून ठेवणारं काडतुसाचं कवच, मात्र अनेकदा वापरता येते. मग ती लष्कराने एकदा झाडलेली घ्यावी की कोरी?

नेहमीच्या सरावासाठी मी लष्करी पुंगळीच्या बाजूचा आहे. फक्त सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका, कारण तिचा पुरवठा सरकारी आदेशावर चालतो. मार्च २००९ मध्ये हे दिसलंच. ओबामा नुकतेच सत्तेवर आले होते, बंदुकांवर निर्बंध येतील या धास्तीने लोकांनी काडतुसांची दुकानं रिकामी केली होती. त्याच सुमाराला अमेरिकी लष्कराचा पुरवठा सांभाळणाऱ्या डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीने जॉर्जिया आर्म्स या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, की झाडलेल्या पुंगळ्या यापुढे अखंड मिळणार नाहीत, चेचून भंगार म्हणूनच विकल्या जातील. कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं.

मला तो आदेश तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. तशीच पुंगळी दुकानात कोरी मिळते, मग झाडलेली चेचून सुरक्षा कशी वाढणार? उलट अखंड पुंगळीला जो भाव येतो तो चेचलेल्या पितळाला येत नाही, म्हणजे नुकसान करदात्याचंच. मोंटानाचे सिनेटर मॅक्स बॉकस आणि जॉन टेस्टर यांनी दाद मागितली आणि त्याच महिन्यात आदेश मागे घेतला गेला. पुढे संरक्षण खर्चाच्या कायद्यात तरतूदच आली: ज्यांची विक्री कायद्याने बंद नाही अशी लहान शस्त्रांची काडतुसं आणि त्यांचे भाग नष्ट करायला निधी वापरायचा नाही, ते निकामी किंवा असुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र असेल तरच अपवाद. पण हे संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यातून येतं, कायमचं नाही. शिवाय लष्कर मोठे लॉट काढतं, ते व्यापारी घेतात, आणि तुमच्या हाती येतो तो त्यांनी निवडून विकलेला माल.

आता मालाकडे वळू. ५.५६ मिमीच्या (नागरी बाजारात जवळपास हेच माप .२२३) बहुतेक लष्करी पुंगळ्या मिसूरीतल्या इंडिपेंडन्सच्या लेक सिटी कारखान्याच्या असतात. बुडावर ‘एलसी’, सालाचे दोन आकडे आणि बहुधा नाटोचं वर्तुळातलं क्रॉसचिन्ह असतं. मानेजवळची निळसर झाक पाहून नवखे बिचकतात. ती धातू मऊ करण्यासाठी दिलेल्या उष्णतेची खूण आहे, दोष नाही. पितळ उत्तम असतं. कटकट एकच: प्रायमर हलू नये म्हणून भोवतीची कड दाबलेली असते. ती स्वेजरने (दाबून सरळ करणारं हत्यार) किंवा रीमरने (खरवडून काढणारं) साफ केल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. हे काम एकदाच करावं लागतं, पण हजार पुंगळ्या घेतल्या तर कित्येक संध्याकाळी त्यात जातात.

७.६२ मिमी (नागरी बाजारात जवळपास हेच माप .३०८) घेताना मात्र जास्त सावध राहा. लष्करी पुंगळीची भिंत सहसा जाड असते, आत जागा कमी. .३०८ च्या दुकानात मिळणाऱ्या नागरी पुंगळीसाठी ठरवलेलं दारूचं माप तसंच वापरलं तर दाब वाढतो. माप कमी करून, रीलोडिंगचं मॅन्युअल बघत पुढे जावं लागतं. त्यात पुंगळी मशीनगनमधून झाडलेली असेल तर सैल चेंबरमुळे (काडतूस बसतं ती नळीतली जागा) ती बुडाच्या वर ताणलेली असते आणि पुढे तिथेच तुटू शकते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवा. खाच लागली की ती पुंगळी बाद. आपल्या बोल्ट (दर वेळी हाताने भरायच्या) रायफलसाठी मी असा माल घेणार नाही, तिथे कोरीच घ्यावी.

कोरी पुंगळी कित्येक पटींनी महाग पडते. पण तिचा लॉट एकसारखा असतो, ती आधी कुठे झाडली गेली हा प्रश्नच नसतो, आणि लांबच्या नेमबाजीत हा फरक निशाण्याच्या कागदावर दिसतो. बाहेरच्या देशांच्या लष्करांचा स्वस्त शिल्लक माल बर्डन प्रायमरचा (बुडात मधोमध एक भोक नसून बाजूला दोन असतात) असला तर सरळ सोडून द्या. नेहमीच्या डायची (पुंगळीला आकार देणारा साचा) जुना प्रायमर काढणारी पिन त्यात मोडते.

लष्करी लॉट आला की आधी एकेक पुंगळी तपासा, एखादं न झाडलेलं काडतूस मिसळलेलं असू शकतं. धुताना-घासताना हातमोजे घाला आणि मुलांना दूर ठेवा, प्रायमरच्या राखेत शिसं असतं.

भारतात जाताना आठवण म्हणून एखादी पुंगळी बॅगेत टाकायचा मोह होतो. टाकू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागही ‘दारूगोळा’ ठरतात, आणि अमेरिकेतूनही त्या बाहेर न्यायच्या तर निर्यातीचे नियम लागू होतात.

.२२३ मध्ये महिन्याला शंभर-दोनशे फैरी झाडणार असाल तर कड साफ केलेला, एकाच सालाचा लेक सिटी लॉट घ्या आणि जोडीला थोड्या कोऱ्या पुंगळ्या घेऊन ठेवा. एकच .३०८ रायफल असेल तर शंभर कोऱ्या पुंगळ्या तुम्हाला बराच काळ पुरतील.