प्रोबायोटिक खाद्य नऊ महिने वापरलं: रोहू सुधारला, तांबं मात्र तळ्यातच राहिलं

आमची इंदापूर तालुक्यात दोन शेततळी आहेत. एकाच बांधाला लागून, प्रत्येक 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, खाली प्लास्टिकचा कागद. मागच्या ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक तळ्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस या माशांची तिन्ही मिळून 1,500 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. पहिल्या तळ्याला प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू, घातलेलं तरंगतं खाद्य, दुसऱ्याला त्याच कंपनीचं साधं तरंगतं खाद्य. दोन्हींत प्रथिनं सारखीच, 28 टक्के. मेअखेर जाळं ओढलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक बॅगांवर मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो, आणि मला बोलायचंय ते त्या मजकुराबद्दलच.

बॅगेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "जड धातूंचा ताण कमी करते, जड धातू नष्ट करते." पहिलं वाक्य मी तपासून पाहिलं. दुसरं वाचूनच चूक आहे हे कळायला हवं होतं, पण मला ते कळायला मे संपावा लागला.

आधी हे खाद्य घेतलं का, ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात आमचे चारशेच्या आसपास मासे गेले. मासे वर येऊन तोंड उघडत होते. आम्हाला वाटलं ऑक्सिजन कमी पडलाय, म्हणून पाण्यात हवा मिसळणारा एरेटर रात्रभर चालू ठेवला. सकाळी दीर म्हणाले, "वहिनी, पाणी नुसतं ढवळलं जातंय, मासे खाली जातच नाहीत." मेलेला एक मासा उचलून कल्ला उघडला तर आत लाल रंगाऐवजी पांढरट चिकटा बसलेला. हवा पाण्यात भरपूर होती, पण घ्यायला कल्लेच धड नव्हते.

कारणं दोन होती. आमच्या वरच्या अंगाला डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगासाठी डाळिंबावर बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) आणि चुना. एक टक्क्याच्या मिश्रणाला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद लागतं. फवारणी झाली, लगेच जोराचा पाऊस आला आणि बागेतलं पाणी बांध ओलांडून थेट तळ्यात उतरलं. दुसरं कारण मी स्वतः. शेवाळ वाढलं म्हणून त्याच आठवड्यात मी 3 किलो मोरचूद तळ्यात टाकलं होतं, कुणीतरी सांगितलं म्हणून, काहीही न मोजता.

मोरचुदाचं गणित पाण्याच्या अल्कलिनिटीवर, म्हणजे आम्ल पचवण्याच्या ताकदीवर, बसतं. अल्कलिनिटी जितकी मिलिग्रॅम प्रति लिटर, तिला 100 ने भागायचं; लिटरमागे तेवढंच मिलिग्रॅम मोरचूद फार तर चालतं. अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावायचा नाही. आमचं तळं त्या वर्षी बहुतेक पावसाच्या पाण्याने भरलेलं. नंतर मोजली तर अल्कलिनिटी 44. सुमारे 20 लाख लिटर पाण्यात 3 किलो म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅम. मातीच्या तळ्यात गाळ आणि माती बरंचसं तांबं धरून ठेवतात. प्लास्टिकच्या तळ्यात माती कुठली? सगळा मारा माशाच्या कल्ल्यांवर येतो. जड धातू म्हटलं की लोक कारखान्याची चिमणी डोळ्यांसमोर आणतात. आमच्याकडे तो कृषी सेवा केंद्रातून निळ्या खड्यांच्या पुडीत आला.

म्हणून बॅगेवरचं वाक्य मला इतकं भावलं.

पहिला महिना काहीही फरक दिसला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आठ दिवसांत मासा चमकतो असं सांगून हे खाद्य विकलं जातं. फरक पहिल्यांदा जाणवला तो खाण्याच्या वेळात. ऑक्टोबरच्या मध्यापासून पहिल्या तळ्यात सकाळचं खाद्य बारा-पंधरा मिनिटांत संपायला लागलं. दुसऱ्यात अर्ध्या तासानंतरही कडेला दाणे तरंगत असायचे. नोव्हेंबरात पहिल्या तळ्याच्या पाण्याचा वास कमी झाला, फेसही कमी दिसायला लागला. डिसेंबर-जानेवारीत थंडीने दोन्ही तळी मंदावली. तेव्हा मी खाद्य निम्म्यावर आणलं, आणि त्या दोन महिन्यांत महागड्या बॅगेचे पैसे वाया गेले असं माझं मत आहे. थंड पाण्यात मासाही मंद असतो आणि त्याच्या पोटातले जिवाणूही.

या जिवाणूंचं काम कसं चालतं हे मी समजून घेतलं, कारण त्याशिवाय बॅग वाचता येत नाही. आमच्या बॅगेवर बॅसिलस सब्टिलिस आणि लॅक्टोबॅसिलस अशी दोन नावं होती. बॅसिलस बीजाणू धरतो, म्हणजे कडक कवचात झोपून राहतो, त्यामुळे तरंगतं खाद्य बनवताना मशीनमध्ये जी उष्णता आणि दाब असतो, त्यातून तो तगतो. लॅक्टोबॅसिलस तसा तगत नाही. तो दाणा तयार झाल्यावर वरून लेप देऊनच घालावा लागतो. कंपनीच्या माणसाला विचारलं, लेप नंतर देता का? त्याला सांगता आलं नाही. मग लॅक्टोबॅसिलसची पावडर मी वेगळी आणली. गुळाच्या पाण्यात कालवून, त्यात थोडी भाताची पेज घालून ती दाण्यांना चोळायची, अर्धा तास सावलीत वाळवायची आणि त्याच दिवशी वापरायची, असा नेम ठेवला. उन्हात वाळवू नका.

धातूपुरतं बोलायचं तर या जिवाणूंच्या पेशीभित्तीवर ऋण भार असतो, धातूचे कण धन भाराचे. ते एकमेकांना चिकटतात. माशाच्या आतड्यात असा जिवाणू असेल तर खाद्यातून किंवा पाण्यातून पोटात गेलेल्या धातूचा काही भाग त्याला चिकटून विष्ठेतून बाहेर पडतो आणि रक्तात कमी जातो. शिवाय आतड्याचं अस्तर चांगलं राहिलं की गळती कमी होते. चीनमधल्या वूशीच्या जिआंगनान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये नाईल तिलापियावर लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचे प्रयोग प्रसिद्ध केले. कॅडमियम आणि शिसं असलेल्या पाण्यात ठेवलेल्या माशांना हे जिवाणू खायला दिले तर शरीरात धातू कमी साठला. म्हणजे कल्पना हवेतली नाही. पण तो विशिष्ट वाण होता, प्रयोगशाळेतल्या टाक्यांतला होता, आणि धातूही दुसरे होते. माझी अडचण तांब्याची, त्यातही कल्ल्यातून शिरणाऱ्या तांब्याची. आतड्यातला जिवाणू कल्ल्याला काय राखण देणार?

हे लक्षात आल्यावर सगळ्यात मोठं काम आम्ही खाद्याबाहेर केलं. सप्टेंबरातच, परतीच्या पावसाआधी, वरच्या बांधाला दोन फूट खोल चर काढला आणि बागेतलं पाणी तळ्यांना वळसा घालून ओढ्याकडे सोडलं. तळ्यात बोअरचं पाणी सोडून अल्कलिनिटी 120 पर्यंत आणली. आमचं बोअरचं पाणी जड आहे. पाण्यात क्षार जास्त असले की तांब्याचा मारा बोथट होतो. मोरचूद एकदाही टाकलं नाही, शेवाळ जाळीने काढलं. चरासाठी जेसीबीचे तीन तास लागले. या वर्षी दोन्ही तळ्यांत ऑक्टोबर सुखरूप गेला. दुसऱ्या तळ्यातही, जिथे प्रोबायोटिकचा एक दाणा पडला नाही. यावरून काय समजायचं ते समजा.

आता मेच्या जाळ्याचा हिशेब. पहिल्या तळ्यात 1,215 मासे निघाले, सरासरी 750 ग्रॅम, एकूण सुमारे 910 किलो. खाद्य लागलं 1,460 किलो. दुसऱ्यात 1,110 मासे, सरासरी 700 ग्रॅम, सुमारे 780 किलो, खाद्य 1,360 किलो. म्हणजे किलोभर माशाला पहिल्या तळ्यात 1.6 किलो खाद्य आणि दुसऱ्यात 1.74. प्रोबायोटिकची बॅग किलोला 48 रुपये, साधी 42. व्यापाऱ्याने दर दिला 110. वरचे 130 किलो मासे म्हणजे 14,300 रुपये, आणि खाद्याचा वाढीव खर्च 12,960. हाती फरक राहिला तेराशे-चौदाशे रुपयांचा, त्यातून लॅक्टोबॅसिलसची पावडर आणि गूळ वजा करा. पैशापुरतं पाहिलं तर बरोबरीत सुटलो. जगणुकीत मात्र फरक पडला, 74 टक्क्यांवरून 81. तो मी कमी लेखणार नाही, कारण बोटुकलीही आता स्वस्त राहिलेली नाही.

आणि यकृताची तपासणी. पैसे टाकून केली, कारण त्यासाठीच तर हा खटाटोप. दोन्ही तळ्यांतले पाच-पाच रोहू आणि पाच-पाच सायप्रिनस बर्फात घालून पुण्याला खासगी प्रयोगशाळेत पाठवले. तांबं मांसात साठण्यापेक्षा यकृतात साठतं, म्हणून मांस आणि यकृत वेगळं तपासायला सांगितलं. मांसात दोन्ही तळ्यांत फरक नगण्य. मांसातलं शिसंही बघून घेतलं, कारण आम्ही अधूनमधून उजनीचं पाणी उचलतो आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीतच येतं. ते एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) किलोला 0.3 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच खाली निघालं. हे वाचून घरातल्यांना हायसं वाटलं, आम्हीही हाच मासा खातो.

रोहूच्या यकृतातलं तांबं पहिल्या तळ्यात जवळपास एक तृतीयांशाने कमी. मी अहवाल दोनदा वाचला, खूप आनंद झाला. मग सायप्रिनसची ओळ वाचली. दोन्ही तळ्यांत सारखंच.

दीर लगेच म्हणाले, "तो खाली तोंड घालून गाळ उकरतो ना, वहिनी." सगळं तिथेच आहे. रोहू मधल्या थरात फिरतो, सायप्रिनस तळात. जिवाणूंनी धातू पकडला, विष्ठेतून बाहेर टाकला, विष्ठा तळाला बसली, आणि सायप्रिनसने ती पुन्हा उकरून खाल्ली. तांबं हे मूलद्रव्य आहे, कुठलाही जिवाणू ते "नष्ट" करू शकत नाही. तो फक्त त्याची जागा बदलतो. मार्चमध्ये गाळाचा नमुना दिला होता, त्यातही पहिल्या तळ्याच्या गाळात तांबं दुसऱ्यापेक्षा जास्त आलं होतं. तेव्हा मला ते कोडं वाटलं होतं. पाच माशांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, पण तीन आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

काही लहान गोष्टी. फेब्रुवारीत पत्र्याच्या शेडमधल्या दोन बॅगांना ओल लागून बुरशी आली. त्या पुरून टाकल्या. बुरशीचं खाद्य वाळवून वापरू नका, त्यातलं विष उन्हाने जात नाही. पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग टाकलं तर ते जिवाणूही मारतं, तेव्हा चार-पाच दिवस साधं खाद्यच द्या. बॅगेवर जिवाणूंची संख्या आणि शेवटची तारीख दोन्ही छापलेलं नसेल तर बॅग दुकानातच ठेवा.

पुढच्या हंगामात मी हे खाद्य घेणार, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि पुन्हा मार्चपासून, थंडीत साधंच. सायप्रिनसची बोटुकली निम्मी करणार. वर्षातून एकदा तळातला गाळ पंपाने उपसणार.

पहिल्या तळ्याचा गाळ गेल्या आठवड्यात उपसला. दिराला तो उसाला टाकायचा होता, खत म्हणून चांगला काळाभोर आहे. मी नको म्हटलं. सध्या तो बांधाच्या कडेला जुन्या कागदावर झाकून ठेवलाय आणि पाऊस तोंडावर आलाय. चराचं पाणी त्याच्या बाजूनेच जातं, म्हणून उद्या सकाळी आधी तो वर सरकवायचाय.