म्हाताऱ्या डायबेटिक मांजरीची सांधेदुखी: मेलॉक्सिकॅम की गॅबापेंटिन?
आमची मनी 14 वर्षांची, रोज दोनदा इन्सुलिन, आणि हल्ली सोफ्यासमोर बसून नुसती वर बघत राहते, उडी मारतच नाही. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत. मेलॉक्सिकॅम सूज आणि दुखणं दोन्ही कमी करतं, सिरप खाण्यात मिसळून सहज देता येतं, पण किडनीला धोका, अमेरिकेत तर मांजरांना परत परत देऊ नका असा इशाराच आहे लेबलवर, युरोपात मात्र कमी डोसमध्ये रोज द्यायची परवानगी आहे, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवी तपासायचीच. आणि डायबेटिक मांजरीत खरी भीती वेगळीच, पोट बिघडून जेवण सुटलं आणि आपण नेहमीएवढंच इन्सुलिन टोचलं तर शुगर धाडकन खाली येते.

गॅबापेंटिन सूज उतरवत नाही, फक्त दुखण्याचे सिग्नल दाबतं. सुरुवातीला गुंगी येते, चालताना झोकांड्या जातात, आणि शुगर कमी झाली तरी अगदी तसंच दिसतं, त्यामुळे ग्लुकोमीटर हाताशी हवाच. किडनी कमजोर असेल तर याचाही डोस कमी करावा लागतो.

मनीचं क्रिएटिनिन वरच्या काठावर आहे म्हणून मी गॅबापेंटिनच्या बाजूने. तुमची मांजर मागची टाच पूर्ण जमिनीला टेकवून चालत असेल तर ती डायबेटिसमुळे झालेली नसांची कमजोरीही असू शकते, डॉक्टरांना व्हिडिओ काढून दाखवा. स्टेरॉइडने शुगर वाढते, आणि घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका, मांजरासाठी ते विष आहे.